'तुला आवडेल' आणि 'मला आवडला'

"काय बघू?" हा मेसेज साधारण शुक्रवारी रात्री साडेदहाला येतो. ज्याला विचारलंय तो पाच मिनिटांत सात नावं टाकतो, विचारणारा त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकतो, आणि शेवटी 'पंचायत'चा एखादा एपिसोड तिसऱ्यांदा बघून झोपतो. सातपैकी एकही सिनेमा बघितला जात नाही. आळस हे त्याचं कारण नव्हे. सात नावं टाकणाऱ्याने खरं म्हणजे कसलीच शिफारस केलेली नसते. त्याने यादी दिलेली असते, आणि यादी तर टीव्हीच्या स्क्रीनवरही असते, पोस्टरसकट.

मला शिफारशीबद्दल लिहायचं आहे. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्यातली दोन वर्षं 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' छापाच्या कोडवर गेली आहेत. कुकर घेतला की गॅस्केट दाखवायचं, असं ते काम. गॅस्केटच्या बाबतीत ते उत्तम चालतं. सिनेमाच्या बाबतीत ते कुठपर्यंत चालतं आणि कुठे थांबतं, याचा एक जुना आणि गमतीदार इतिहास आहे. तो आधी सांगतो, कारण त्यातूनच पुढचं निघतं.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सने एक स्पर्धा जाहीर केली. तेव्हा ती कंपनी पोस्टाने डीव्हीडी पाठवायची. त्यांच्याकडे 'सिनेमॅच' नावाची एक प्रणाली होती. एखादा गिऱ्हाईक एखाद्या सिनेमाला पाचपैकी किती तारे देईल, याचा अंदाज ती बांधायची. हा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर. त्यासाठी त्यांनी ४,८०,१८९ गिऱ्हाइकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले दहा कोटींहून जास्त तारे, नावं काढून, जगासमोर ठेवले. जगभरातले गणिती, विद्यार्थी, नोकरी करून रात्री जागणारे हौशी लोक त्यावर तुटून पडले. सुरुवातीची काही टक्के सुधारणा भराभर झाली. मग चाक रुतलं. शेवटी निरनिराळ्या टीमनी एकमेकांत विलीन होत होत २००९ मध्ये ती रेघ ओलांडली. 'बेलकोर्स प्रॅगमॅटिक केऑस' असं अचाट नाव असलेली टीम जिंकली. दुसऱ्या टीमचा स्कोअर तंतोतंत तेवढाच होता, पण तो वीस मिनिटं उशिरा पोचला होता. (कोड वेळेत सबमिट करा, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून सांगतात ते उगाच नाही.) सुरुवातीची चूक ०.९५२५ तारे होती, ती ०.८५६७ झाली. म्हणजे तीन वर्षं हजारो मेंदू झिजल्यानंतरही यंत्राचा अंदाज एका ताऱ्याच्या आसपास चुकत राहिला. आणि जिंकलेलं ते भलंमोठं मॉडेल कंपनीने जसंच्या तसं वापरलंही नाही. मधल्या टप्प्यात सापडलेल्या दोन सोप्या पद्धती घेतल्या आणि बाकीचं ठेवून दिलं. एवढी खटपट करून मिळणारा फायदा पुरेसा नाही, असा त्यांचा हिशेब होता.

या स्पर्धेतली सगळ्यात गाजलेली पद्धत म्हणजे मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन. नाव जड आहे, कल्पना सोपी. प्रत्येक सिनेमाला काही आकडे द्यायचे आणि प्रत्येक माणसालाही तेवढेच आकडे द्यायचे. हे आकडे कुणी हाताने भरत नाही, ताऱ्यांवरून ते आपोआप निघतात. एक आकडा ढोबळमानाने 'किती मारामारी' असा निघेल, दुसरा 'किती रडारड' असा. काही आकड्यांचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. मग माणसाचे आकडे आणि सिनेमाचे आकडे एकमेकांशी गुणायचे आणि बेरीज करायची. बेरीज मोठी आली की पडद्यावर येतं, 'तुम्हाला आवडेल'.

बहुतेक सिनेमांना हे लागू पडलं. काही मात्र सगळ्या टीमना छळत राहिले. त्यात सगळ्यात बदनाम 'नेपोलियन डायनामाइट' हा २००४ चा एक विचित्र, बावळट, कुठेच न जाणारा अमेरिकन विनोदी सिनेमा. लोक त्याला एक तरी तारा द्यायचे नाहीतर पाच. मधलं काही नाही. आणि कोण एक देईल, कोण पाच, हे त्या माणसाच्या आधीच्या दोनशे ताऱ्यांवरूनही कळायचं नाही. सगळ्या बाबतीत जुळणारे दोन मित्र या सिनेमापाशी वेगळे व्हायचे.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा सिनेमाबद्दल एक सोपी गोष्ट लक्षात आली. जो सिनेमा मला आवडणार हे गणिताला आधीच कळतं, तो मला कुणी सांगायची गरजच नसते. तो आपोआप समोर येतो. 'सैराट' बघा असं २०१६ मध्ये कुणी कुणाला पटवून दिलं नाही, गाण्यांवर नाचतच लोक गेले. माणसाने माणसाला सांगावे लागतात ते सिनेमे 'नेपोलियन डायनामाइट'च्या जातीचे असतात. आवडेल की नाही याची खात्री नसलेले. आणि तिथे 'तुला आवडेल' हे वाक्य खोटंच पडतं, कारण ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याला फक्त 'मला आवडला' एवढंच म्हणता येतं, आणि त्याच्यापुढे एक 'कारण'.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शिफारस तीन शब्दांची होती. इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर माझा रूममेट यवतमाळकडचा होता. मी सातारकडचा, अखंड बडबड करणारा. तो गप्प. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा आणि परत येऊन लॅपटॉप उघडायचा. तेव्हा सिनेमे हार्डडिस्कवरून हार्डडिस्कवर जायचे. एकदा माझ्या डिस्कवर काहीतरी कॉपी करताना त्याने एक फाइल स्वतःहून टाकली आणि म्हणाला, "पाहून घे बे." मी विचारलं, कसला आहे? तो म्हणाला, "लय हासू येते."

तो सिनेमा 'गाभ्रीचा पाऊस' होता. सतीश मनवरांचा, २००९ चा. कुठल्याही साइटवर त्याच्यापुढे 'शेतकरी आत्महत्या' असं लेबल असतं. आणि ते लेबल वाचून माझ्या वयाचा कुठलाही माणूस शुक्रवारी रात्री तो लावणार नाही. आपल्याला वाटतं आपल्याला तो सिनेमा न बघताच माहीत आहे: भेगा पडलेली जमीन, आभाळाकडे बघणारा म्हातारा, मागे बासरी. पण सिनेमा तसा नाही. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलाय. किसनाच्या, म्हणजे गिरीश कुलकर्णीच्या बायकोच्या मनात भीती बसते की आता आपला नवराही तेच करेल. सोनाली कुलकर्णीची ही अलका मग त्याला एकटं सोडतच नाही. तो शेतात निघाला की ती लहानग्या पोराला मागे पाठवते, बापावर नजर ठेवायला. किसनाला कळेना की हे पोरगं सारखं आपल्या पायात पायात का येतंय. त्याला पेरणीची घाई आहे, बियाण्याची चिंता आहे, आणि घरचे सगळे त्याच्याकडे फुटायला आलेल्या फटाक्याकडे बघावं तसे बघतायत. याला हसू येणार नाही तर काय येईल? आणि तुम्ही हसत असताना पाऊस येत नाही. हसणं तसंच चालू राहतं आणि त्याच्या आत काहीतरी आवळत जातं. दिग्दर्शक एकदाही आपल्याला 'आता रडा' असं सांगत नाही. विदर्भातल्या शेतीवर नंतर आलेले बरेच सिनेमे मी पाहिले. त्यातले बहुतेक मला या बाबतीत उद्धट वाटतात. ते माणसाला आधी बळी ठरवतात आणि मग त्याची गोष्ट सांगतात. इथे किसना शेवटपर्यंत एक चिडका, कामसू, जरा हट्टी माणूस आहे. त्याच्याबद्दलची भीती फक्त इतरांच्या डोळ्यांत आहे.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी म्हणालो, भारी आहे. तो पोळीचा तुकडा मोडत हसला. "थो पोट्टा बापाच्या मांगं मांगं फिरते ना," म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "माही माय बी मले असीच धाडे बाबाच्या मांगं." एवढंच. चार वर्षांत तो घराबद्दल माझ्याशी याच्यापेक्षा जास्त बोलल्याचं मला आठवत नाही. मीही पुढे विचारलं नाही. त्याचे बाबा व्यवस्थित आहेत, अजून सोयाबीन लावतात.

आता हे कुठल्या आकड्यात बसवायचं ते मला सांगा. 'लय हासू येते' हे त्या सिनेमाचं मी ऐकलेलं सगळ्यात अचूक परीक्षण आहे. लेबलच्या बरोबर उलट, आणि खरं. पण ते अचूक आहे कारण ते त्याने म्हटलं होतं. त्याने मला सिनेमा दिला नाही, स्वतःबद्दलची एक गोष्ट दिली, जी त्याला सरळ सांगता येत नव्हती. शिफारस करताना आपण थोडे उघडे पडतो. 'हा चांगला आहे' म्हणणं सुरक्षित आहे, त्यात पुरस्कारांचा आधार असतो. 'मला हा आवडला, या कारणाने' म्हटलं की समोरच्याला आपल्या आत कुठे काय आहे हे थोडंसं कळतं. म्हणूनच आपण ते टाळतो आणि सात नावं टाकून मोकळे होतो.

ताऱ्यांच्या गणितातली दुसरी अडचण मला आईमुळे समजली. अविनाश अरुणचा 'किल्ला' मी तिला दाखवला. २०१४ साली बर्लिनला लहान मुलांच्या ज्युरीने ज्याला पारितोषिक दिलं तोच. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील वारल्यावर आईची बदली कोकणात, नवी शाळा, नवे मित्र, समुद्र, किल्ला, पाऊस. मी तो पाहतो तेव्हा मला किल्ल्यावरचा प्रसंग दिसतो. मित्र पुढे निघून जातात, पाऊस कोसळायला लागतो आणि चिन्मय त्या दगडी भिंतींच्या आत एकटा उरतो. नवीन शाळेत गेलेल्या प्रत्येक पोराला तो एकटेपणा ठाऊक असतो. अविनाश अरुण मुळात कॅमेरामन आहे. या सिनेमाचं छायाचित्रणही त्याचंच. ओल्या शेवाळाचा वास यावा असा हिरवा रंग त्याने पकडलाय.

माझी आई सरकारी कचेरीत लिपिक होती. तीन बदल्या झाल्या, त्यातल्या दोन बदल्यांत मी तिच्याबरोबर शाळा बदलल्या. सिनेमा संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, पोराचं वाईट वाटलं असणार. मग म्हणाली, "सही करायच्या आधी तिने तो कागद पुन्हा एकदा वाचायला हवा होता. नव्या ऑफिसात पहिले सहा महिने कुणावर विश्वास ठेवायचा नसतो." मुलगा, किल्ला, समुद्र यातलं काही तिच्या बोलण्यात आलंच नाही. तिने अमृता सुभाषचा सिनेमा पाहिला होता: लहान गावातल्या कचेरीत एकटी बाई, टेबलापलीकडून बघणारे पुरुष सहकारी, संध्याकाळी घरी आल्यावर रुसलेला मुलगा आणि तरी उद्याच्या कामाची धास्ती. ती गोष्ट सिनेमात पूर्णपणे आहे. मी तिच्याकडे बाजूची गोष्ट म्हणून बघत होतो. त्यानंतर मी 'किल्ला' पुन्हा पाहिला तो आईच्या बाजूने, आणि त्या बदल्यांच्या काळातल्या आमच्या घराबद्दल मला काही गोष्टी नव्याने कळल्या. त्या इथे सांगायच्या नाहीत.

मी 'किल्ला'ला पाच तारे दिले असते. आईनेही पाच दिले असते. मॉडेलने त्यावरून काढलं असतं की आमची दोघांची आवड एक आहे. तर दोघांनी दोन सिनेमे पाहिलेत! पडतात ते फक्त तारे. कारण पडत नाही. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारेही काढून टाकले आणि वर-खाली अंगठा आणला, मग तर उरलीसुरली छटाही गेली. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, अंगठा दाबायला लोक जास्त तयार होतात. शिवाय आता तुम्ही काय म्हणता यापेक्षा तुम्ही किती मिनिटांनी बंद केलं, हे त्यांना जास्त कळतं. हे सगळं मी नावं ठेवायला सांगत नाही, मीही तसलाच कोड लिहिलाय. पण 'का' हा कॉलम त्या टेबलात नसतो, आणि नसलेल्या कॉलमवर क्वेरी चालत नाही.

मग तो कॉलम आपण भरायचा. त्यासाठी आपली आवड आपल्याला नीट माहीत हवी, आणि ती 'थ्रिलर आवडतात', 'रॉमकॉम आवडतात' अशी नसते. तसं म्हणणं म्हणजे 'मला भाजी आवडते' म्हणण्यासारखं. माझं विचाराल तर मला माणसं कामावर असलेले सिनेमे आवडतात. नायक आर्किटेक्ट आहे असं एका वाक्यात सांगून मग दोन तास तो पावसात भिजतोय, तसलं नाही. हात काय करतायत ते दिसलं पाहिजे. ही आवड तुमची नसेल तर पुढचा भाग त्या हिशेबाने वाचा. माझी आवड वजा करून जे उरेल ते तुमचं.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'बद्दल लोक म्हणतात की त्यात काही घडत नाही. नारायण कांबळे या लोकशाहीरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. पण 'कोर्ट' हा माझ्यासाठी नोकरीवरचा सिनेमा आहे. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टात एका सपाट सुरात कायद्याचं कलम वाचते, नंतर लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाक करते. ती खलनायिका नाही. ती आपलं काम करतेय, आणि त्या कामात एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य जातंय, हे तिच्या कामाच्या यादीत नाही. मृत कामगाराची बायको साक्षीला येते तेव्हा तर आवाज चढतही नाही. तो आत उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का बघायचा, वास सहन व्हावा म्हणून प्यायचा, विषारी वायूने एक डोळा गेला होता, हे सगळं ती रेशनकार्डाची माहिती सांगावी तसं सांगते. २०१४ च्या व्हेनिसमध्ये या सिनेमाला मोठी पारितोषिकं मिळाली म्हणून मी तो सांगत नाही. एका दृश्यासाठी सांगतो. उन्हाळी सुटी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. कुणीही दिग्दर्शक तिथे थांबला असता. ताम्हाणे थांबत नाही. तो न्यायाधीशाच्या मागोमाग सुटीवर जातो. त्या शेवटच्या दहा मिनिटांचा मला राग आला होता, आणि तो राग जात नाही म्हणून मी सिनेमा परत पाहिला.

याच आवडीमुळे मला विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (२०२३) सांगायला आवडायला हवा होता. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, त्याची रोजची शिस्त, कॅसेट, झाडांचे फोटो. कोजी याकुशोला कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच आहे. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना तो सिनेमा म्हणजे ध्यान वाटतो. मला त्यात काहीतरी खुपतं. ती स्वच्छतागृहं आधीच इतकी देखणी आणि चकचकीत आहेत की साफ करण्यासारखं तिथे फारसं काही दिसतच नाही. काम आहे, पण घाण नाही. 'कोर्ट'मधली ती साक्ष ऐकल्यावर मला ही शांतता जरा महागडी वाटते. आता ही माझी तक्रार आहे, आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. तुम्हाला वाटत असेल की 'अरे, मला तर अशीच दोन तासांची शांतता हवी आहे', तर माझ्या नावडीवरूनच तुमची शिफारस झाली.

हे गणितातही खरं आहे. दोन माणसांची आवड अगदी उलट असेल तर त्यांचं एकमेकांबद्दलचं ज्ञान तेवढंच पक्कं असतं, फक्त चिन्ह उणे. माझ्या टीममध्ये एक जण आहे. ती एखाद्या सिनेमाला 'संथ' म्हणाली की मी तिकीट काढतो, आणि मी 'तरल' म्हटलं की ती पळते. पाच वर्षं आम्ही एकमेकांना इतक्या विश्वासाने वापरतोय. निरुपयोगी असतात ते ज्यांना सगळंच 'मस्ट वॉच' वाटतं.

ताम्हाणेचाच 'द डिसायपल' (२०२०) मी फार कमी लोकांना सांगतो. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद, त्याचे गुरुजी, आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना कानात वाजणाऱ्या माईंच्या जुन्या ध्वनिफिती. माईंना आवाज सुमित्रा भावेंचा आहे. सिनेमा गाण्याबद्दल आहे असं वाटतं, पण तो मध्यम असण्याबद्दल आहे. इतकी वर्षं घासून, मान मोडून मेहनत करून आपण बरे आहोत, फार चांगले नाही, हे ज्याला हळूहळू कळतं त्याच्याबद्दल. पडद्यावरचे बाकीचे सगळे हरणारे शेवटच्या वीस मिनिटांत जिंकतात. पंचवीस-सत्तावीसच्या वयात, नोकरीत पहिली काही वर्षं गेल्यावर हा सिनेमा कुणाच्या कुठे लागेल सांगता येत नाही. ज्याचं नुकतंच अप्रेझल झालंय त्याला मी तो सांगत नाही. चेष्टा नाही. एका मित्राला मी 'आत्ता नको, डिसेंबरनंतर बघ' असं म्हटलं होतं. सिनेमा कधी बघायचा हेही शिफारशीत येतं, आणि तिथे यंत्राला अजून बरंच शिकायचंय. खोट सांगायची तर त्यातल्या बायका अर्धवट राहिल्यात, शरदच्या आयुष्यात येऊन जातात, त्यांचं म्हणणं कळत नाही. आणि फोनवर, ट्रॅव्हल्समध्ये, एक इअरफोन कानात घालून बघू नका. गाण्याचे लांब तुकडे आहेत, त्यांच्या दरम्यानच बरंचसं घडतं.

असे सिनेमे मराठीत दरवर्षी चार-दोन येतात आणि जातात. आठवडाभर दुपारी पावणेतीनचा एक शो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मग नाही. पुढे कधीतरी ते एखाद्या अॅपच्या तळाशी सापडतात, जिथपर्यंत अंगठा स्क्रोल करत जात नाही. त्यांना पाहणारे इतके थोडे की गणिताला धरायला ताऱ्यांचे आकडेच नसतात. आमच्या भाषेत याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात: ज्याची माहिती नाही ते दाखवलं जात नाही, आणि दाखवलं जात नाही म्हणून माहिती जमत नाही. हा फेरा बाहेरून कुणीतरी तोडावा लागतो, आणि तो तोडायला तुमचा 'मस्ट वॉच' पुरत नाही.

काम सोडून माझी आणखी एक आवड आहे, ती म्हणजे लहान मुलगा कुणालातरी शोधत असलेले सिनेमे. अब्बास किआरोस्तमीचा १९८७ चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' हा त्यातला सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात थरारक वाटणारा. इराणमधल्या एका खेड्यातल्या अहमदच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते. उद्या वहीत गृहपाठ नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. मित्र शेजारच्या गावात राहतो, घर माहीत नाही. बस, एवढीच गोष्ट. मोठी माणसं त्याचं ऐकून घेत नाहीत, हेच त्याच्या वाटेतलं संकट. सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे. सबटायटल्सची ज्यांना भीती वाटते त्यांना मी इथून सुरुवात करा म्हणतो, कारण संवाद थोडे आहेत आणि तेच तेच परत येतात. ज्यांच्या लहानपणी वहीवरून मार बसलाय त्यांना तर सबटायटल्सचीही गरज नाही.

ज्यांना तो आवडतो त्यांनाच मी पुढे 'विहीर' सांगतो. उमेश कुलकर्णीचा, २००९ चा, अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने निर्मिलेला. समीर आणि नचिकेत ही दोन भावंडं, सुट्टीतलं गाव, लग्नघराची गडबड, लपाछपी. नचिकेत वयाने जरासाच मोठा, पण त्याला इथून निघून जावंसं वाटतंय आणि का ते सांगता येत नाही. मग तो जातोच. उरलेला सिनेमा समीर त्याला शोधतो, राज्य आलेल्या भिडूने शोधावं तसा. 'किल्ला' ज्यांना आवडतो त्यांना यंत्र 'विहीर' दाखवतं, कारण दोन्हींत मुलगा आहे, गाव आहे, पाणी आहे. मी तसं करत नाही. 'किल्ला' तुम्हाला मिठीत घेतो, 'विहीर' घेत नाही. उत्तरार्धात तो रस्ता सोडून माळावर शिरतो आणि परत येईल याची हमी देत नाही. ज्याचं नुकतंच कुणी गेलंय त्याला मी हा सिनेमा सुचवत नाही. ज्याचं जाऊन काही वर्षं झालीत आणि अजून तो माणूस कुठल्यातरी कोपऱ्यावरून येईल असं ज्याला अधूनमधून वाटतं, त्याला मी नाव सांगतो. सोबत एवढंच सांगतो: एकट्याने बघ, मध्ये थांबवू नकोस, आणि बघून झाल्यावर मला फोन केला नाहीस तरी चालेल.